बंडोपंतांचे दोनशे शेअर

सोमवारी सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी कंपनीची सूचना शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर आली. पुण्याच्या या सॉफ्टवेअर कंपनीचा तिमाही नफा अंदाजाच्या निम्माही राहणार नव्हता. सर्वांत मोठा ग्राहक ऑगस्टमध्येच सोडून गेला होता. सूचना निघाली ऑक्टोबरच्या मध्यावर.

हिंगणघाटच्या घरी प्रेमदास सरांनी ती मोबाइलवर दोनदा वाचली. कंपनीचा मालक विवेक त्यांचा वडनेरच्या शाळेतला विद्यार्थी. त्याच्या भरवशावर त्यांनी शेअर घेतले होते आणि शाळेतले जुने सहकारी बंडोपंत यांनाही घ्यायला लावले होते.

फोन वाजला. बंडोपंतच होते. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ते आठवडाभर सावंगीच्या दवाखान्यात होते.

"प्रेमदास, टीव्हीवर खाली पट्टी धावून राह्यली. तुया पोराची कंपनी पडली ना बे?"

"पाहून राह्यलो."

"पाहू नको, विक. माये दोनशेच्या दोनशे. डॉक्टरनं गुडघा खोलला, आता तू खिसा नको खोलू."

बंडोपंतांचं खातं प्रेमदास सरांच्या मोबाइलवर चालत असे. ही रीत स्टाफरूमपासूनची. विम्याचा अर्ज असो की मुलीच्या प्रवेशाचा, भरायचा प्रेमदास सरांनी. बंडोपंत न वाचता सही ठोकायचे. बदल्यात शनिवारचा सरांचा शेवटचा तास घ्यायचे, म्हणजे सरांना बाराची एसटी मिळे. तीस वर्षं असं चाललं. आता सहीच्या जागी बंडोपंतांच्या मोबाइलवर येणारा सहा आकडी नंबर होता. त्यांनी तो सांगितला आणि फोन ठेवला.

सरांचं बोट बटणापाशी थांबलं.

आठवीतला विवेक त्यांना दिसत होता. प्रयोगशाळेतला एकुलता एक सूक्ष्मदर्शक फुटला, तो कोणाच्या हातून ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं: 'काल माझ्या हातून पडला. विवेक.' बंडोपंत रागावण्याऐवजी हसले होते आणि त्याला आपल्या डब्यातला भाकरीचा तुकडा दिला होता. खिडकीतून कपाशीचं शेत दिसे, चहाच्या कपांना खडूचा वास येई. असा पोरगा दोन महिने गप्प बसेल?

त्यांनी विवेकला फोन लावला. उचलला नाही. मग संदेश टाकला: 'बाळा, तुला कधी कळलं?' उत्तर येईस्तोवर थांबायचं त्यांनी ठरवलं.

सरांच्या पत्नी सुलोचनाबाई भाजी निवडता निवडता ऐकत होत्या. "भाऊजीनं तुमाले विचारलं होतं काय, विकू का म्हून? विक म्हनलं ना?"

"जरा दम धर. पोराचं काही कारण असन."

"पोराले द्या हो दम. भाऊजीले काऊन देता?"

अकरा पस्तीसला भाव वीस टक्क्यांनी उतरून त्या दिवसाच्या खालच्या मर्यादेवर अडकला. आता विकणारेच होते, घेणारा कोणी नव्हता. सरांनी घाईघाईनं दोन्ही खात्यांतून विक्री लावली. साडेतीनला बाजार बंद झाला, एकही शेअर गेला नव्हता. मधल्या चार तासांत बंडोपंतांना फोन करायला त्यांनी मोबाइल तीनदा हाती घेतला आणि तीनदा खाली ठेवला.

तीन चाळीसला बंडोपंतांचाच फोन आला.

"हं, काय भाव भेटला?"

"बंडू, नाई विकल्या गेले. मी... मी पाऊण तास थांबलो. विवेकच्या उत्तरासाठी."

पलीकडे कुणाच्या तरी खाटेची चाकं वाजली.

"मग हे सकाळीच काऊन नाई सांगितलं मले?"

फोन बंद झाला.

मंगळवारी भाव आणखी दहा टक्के घसरला, बुधवारी थोडा सावरला. सोमवारी लावलेली विक्री बाजार बंद होताच रद्द झाली होती; बंडोपंतांना विचारल्याशिवाय ती पुन्हा लावायचा धीर सरांना झाला नाही. गुंतवणूकदारांच्या प्रश्नांना शुक्रवारी चार वाजता उत्तरं देऊ, असं कंपनीनं कळवलं. सरांचा संदेश विवेकनं वाचल्याची खूण दिसत होती. उत्तर नव्हतं.

गुरुवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी प्रेमदास सरांनी बंडोपंतांचं खातं उघडायला घेतलं. पासवर्ड बदललेला होता.