समेवरचं बोट

"अहो, मी म्हणतेय, मशीन लावून चला!" सिंधूताई तिसऱ्यांदा ओरडल्या, तेव्हा कोटाची बटणं लावता लावता नरहर भालेरावांनी मान हलवली. साकेत नगरच्या डॉक्टरनं दिलेलं कानाचं यंत्र त्यांनी दोनदा लावून पाहिलं होतं. त्यात तबला पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, असं त्यांचं म्हणणं.

"त्यापेक्षा नाही ऐकू आलं तर बरं."

"मग जायचं कशाला? एखाद्या दिवशी लोकांच्या लक्षात येईल."

कारखान्याच्या फोर्ज शॉपमधल्या हॅमरशेजारी एकतीस वर्षं काढलेला हा फिटर रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, आणि कान त्याच्याही आधीपासून जात चालले होते. बारीक आवाज आधी गेले. तबल्यातला उजवा, त्याची किनार, सगळं पुसट झालं. डग्ग्याचा घुमारा तेवढा शिल्लक राहिला. घराबाहेर हे कुणालाच माहीत नव्हतं.

हिंदी मुलखातल्या या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये माणसाचं क्वार्टर ग्रेडवर ठरतं आणि कार्यक्रमातली जागाही. पण महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक तबलावादनाला पहिल्या रांगेतली मधली खुर्ची, थेट जनरल मॅनेजरसाहेबांच्या शेजारची, नरहर भालेरावांची. याला कारण मोहनजी. दरवर्षी वाजवायला येणारे मोहनजी दरवर्षी एक खोडी काढत. तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायची ती तिहाई; ती अशी बांधत की समेच्या एक मात्रा आधीच संपल्यासारखी वाटे. सगळं सभागृह टाळ्या वाजवी; इंजिनियर, साहेब, साहेबांच्या बायका, सगळे फसत. मग एक मात्रा जाई आणि खऱ्या समेवर एकच बोट वर होई, नरहर यांचं. मोहनजी हसून मान लववत. अठरा वर्षं हे चाललं होतं, आणि दोघांत नमस्कारापलीकडे बोलणं झालं नव्हतं. त्या एका बोटासाठी नरहर वर्षभर जगत असं म्हटलं तर जास्त होईल, पण फार जास्त होणार नाही.

हॉलच्या दारातच मंडळाचा सेक्रेटरी विलास भेटला. "आइए काका! सीट तुमची वहीच, मधली. आज मोहनजींबरोबर त्यांची शिष्या पण आहे, अलका. क्या हाथ है, देखना!"

नरहर यांना 'मधली' आणि 'अलका' एवढंच कळलं. ते हसले. हल्ली ते बरंच हसत.

अलका खरोखर चांगली वाजवत होती. हे त्यांना डोळ्यांनी कळलं. मनगट डग्ग्यावर टेकवून, किंचित पुढं सरकवत ती जो घुमारा काढी, तो मात्र स्पष्ट ऐकू येई आणि तेवढ्यानंही त्यांचे डोळे भरून येत. बोटं वाऱ्यासारखी चालली तरी खांदे हलत नव्हते. कायद्याचे बोल वाढवत नेताना घाई नव्हती. मोहनजी तिच्या प्रत्येक पलट्याला उत्तर देत, आणि देताना तिला जरा पुढं जाऊ देत. असं वाजवणं आणि असं वाजवू देणं, दोन्ही त्यांनी फार कमी पाहिलं होतं. "शाब्बास, पोरी," ते पुटपुटले.

पण तालात 'खाली'च्या मात्रांना डग्गा गप्प असतो. तिथं त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. ताल दाखवणारा लेहरा धरणाऱ्या पेटीचे सूरही अर्धवट पोचत. मांडीवर बोटांनी मोजत ते तेवढा भाग ओलांडत आणि पुन्हा डग्गा भेटला की त्यांना हायसं वाटे. तासभर असं केल्यावर ते थकून गेले. पूर्वी शिफ्टचा सगळा शीण इथं आलं की निघून जायचा.

मग दोघांनी मिळून तिहाई सुरू केली. पहिला पल्ला झाला, दुसरा झाला. तिसऱ्यात नरहर यांची मोजणी सुटली. टाळ्या कडाडल्या आणि टाळ्यांबरोबर त्यांचं बोट वर गेलं.

एक मात्रा गेली आणि डग्गा घुमला. खरी सम ती होती. बोट अजून वरच होतं आणि मोहनजी त्याच्याकडे बघत होते. ते हसले असते तर चाललं असतं.

मोहनजी अलकाकडे झुकून काहीतरी बोलले. पुढची तिहाई संथ आली. प्रत्येक 'धा'ला डग्ग्यावर भरदार थाप, प्रत्येक थापेला नरहर यांच्याकडे बघून मान. आजाऱ्याला खिमट भरवावं तशी ती दिली जात होती. अलकाही गोड हसून त्यांची वाट पाहत होती. नरहर यांना लाज वाटली, रागही आला. पण न घेणं म्हणजे त्या दोघांचा अपमान, हेही कळत होतं. त्यांनी बोट वर केलं, बरोबर समेवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मध्यंतरात ते उठले आणि शेवटच्या रांगेत सिंधूताईंशेजारी जाऊन बसले.

"का हो? बरं नाही वाटत? जायचं का घरी?" त्यांनी कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"नको. मुलगी फार चांगली वाजवते. इथून बघू."

इथून हात दिसत नाहीत, हे त्यांना बसायच्या आधीच ठाऊक होतं.

उत्तरार्धात मधल्या खुर्चीवर विलासनं कॅमेऱ्याची बॅग ठेवली होती. द्रुत लयीत एका तिहाईला टाळ्या पडल्या, सिंधूताईंनीही वाजवल्या. मोहनजींची नजर सवयीनं त्या खुर्चीकडे गेली, त्यावरून नरहर यांना कळलं, की ती तीच खोडी होती. मोहनजी मग एकेक रांग शोधत मागंपर्यंत पाहत राहिले. नरहर यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.