काकासाहेबांचा कोरडा गळ

गिरिजाबाईच्या होडीचे कायदे मोजून दोन. सकाळपासून जेवढे मासे लागतील ते सगळे एकाच पातेल्यात शिजायचे, आणि सगळ्यात मोठ्या माशाचं मुंडकं ज्याने तो धरला त्याच्याच ताटात पडायचं. हा पहिला. दुसरा असा, की ज्याचा गळ कोरडा राहिला त्याने ते पातेलं घासायचं. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण जाफराबादच्या अलीकडच्या त्या धरणावर साक्षात तहसीलदार जरी होडीत बसला असता, तरी त्याला ते लागू झालं असतं.

चैत्र लागला की धरणाचं पाणी खाली सरकतं आणि मोठे मासे बुडालेल्या जुन्या नदीच्या पात्रात जाऊन बसतात. ते पात्र वरून दिसत नाही. गिरिजाबाईला मात्र ते घरातल्या उंबऱ्यासारखं ठाऊक होतं. गावची पांढरी पाण्याची टाकी आणि टेकडीवरचा एकुलता एक लिंब एका रेषेत आले की ती इंजिन बंद करायची. मग होडी वाऱ्यावर आपोआप पात्राच्या कडेकडेने सरकत राहायची आणि सहा-सात हौशी लोक एकाच बाजूला गळ सोडून बसायचे. दर रविवारी जालन्याहून, भोकरदनहून माणसं यायची. पंधरा उन्हाळे ती हे करत होती. माझ्या होडीतून कोणी रिकाम्या हाताने गेलेलं नाही, असं ती धरणाच्या भिंतीवर उभी राहून सांगायची, आणि ते खरंही होतं, एक काकासाहेब सोडले तर.

काकासाहेब म्हणजे जुन्या जालन्यातले, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. तीन उन्हाळे झाले, एक रविवार चुकवला नाही. काठी चांगली, रीळ चांगलं, बसायची पद्धत तर अशी शांत की बगळ्याने शिकवणी लावावी. आणि मासा? मासा नाही. शेजारी बसलेल्या पोरसवदा माणसाला चार-चार मासे लागायचे आणि काकासाहेबांचा गळ जसा गेला तसा वर यायचा. मग ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर बसायचे आणि वाळूने पातेलं घासायचे. घासायचेही असं, की त्यात तोंड पाहून घ्यावं.

त्यांना याचा राग नव्हता. राग गिरिजाबाईला होता. तिने त्यांची जागा बदलून पाहिली, गळ बदलून पाहिला, गळाच्या वजनाचं शिसं कमीजास्त केलं. आमिष बदला म्हणून तर ती शंभरदा म्हणाली. स्वतःची गांडुळं पुढे केली, शेंगदाण्याच्या पेंडीचे गोळे पुढे केले. पण काकासाहेबांचा एक स्टीलचा डबा होता, त्यात घरून आणलेले कणकेचे गोळे असायचे, आणि ते तेच लावायचे. "घरचं हाये ना, बस झालं," एवढंच त्यांचं उत्तर. गिरिजाबाईने मनात त्यांना हट्टी म्हातारा म्हणून टाकलं होतं.

त्या रविवारी सकाळी जीपमधून काकासाहेब उतरले तर मागून त्यांची बायको उतरली. मालनबाई. गळ्यात तुळशीची माळ, हातात दोन पिशव्या. ही बाई आजवर धरणावर कधी आली नव्हती. काकासाहेबांनी सांगितलं, की पुढच्या आठवड्यात दोघं पुण्याला मुलाकडे कायमची चालली आहेत. केदारने फ्लॅट घेतलाय, आता इकडे येणं होणार नाही. म्हणून हिला म्हटलं, एकदा बघ तरी मी कुठे बसतो ते. हे सगळं ते हसत बोलले, पण गिरिजाबाई मनात हिशेब करू लागली. म्हणजे आज शेवटचा रविवार. आज गळ कोरडा राहिला तर हा माणूस तीन वर्षं नुसतं पातेलं घासून पुण्याला जाणार, आणि तिच्या होडीला लागलेला तो डाग कायमचा राहणार. आज याला मासा द्यायचाच, असं तिने ठरवून टाकलं.

काकासाहेब होडीत काठी लावायला गेले तशी मालनबाईने गिरिजाबाईला बाभळीच्या आड नेलं. इकडेतिकडे पाहिलं आणि एका पिशवीतून दुसरी पिशवी, तिच्यातून तिसरी असं उलगडत शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. चेहरा दुसरीकडे वळवला आणि पुडी पुढे केली.

"एवढं ह्यांच्या गळाला चुपचाप बांधून द्या," ती म्हणाली. "त्यांना कळू देऊ नका. शेवटचा दिवस हाये वो."

गिरिजाबाईने कागद उघडला. आत पापलेट. चांगलं तळहातापेक्षा मोठं, चपटं, चंदेरी, बर्फातून काढलेलं पापलेट.

मालनबाईने जन्मात मासा विकत घेतला नव्हता. काल संध्याकाळी नाकाला पदर लावून ती मासळीच्या दुकानात गेली आणि सगळ्यात चांगला द्या म्हणाली. दुकानदाराने दिला. रात्रभर तो तिने शेजारणीच्या फ्रीजमध्ये ठेवला. आपल्या फ्रीजमध्ये ठेवायला मन झालं नाही. हे ऐकताना गिरिजाबाईला हसू आवरेना. तिने सांगितलं, की वहिनी, हा समुद्राचा मासा आहे. मुंबईहून बर्फात बसून आलाय. आपल्या धरणात हा निघाला तर उद्या पेपरात फोटो येईल. मालनबाईचा चेहरा इतका पडला, की गिरिजाबाईचं हसू जागच्या जागी विरलं. माळकरी बाई, नवऱ्यासाठी मासळीच्या दुकानात उभी राहिली होती. असं आपल्यासाठी कोणी केलं नाही, असं गिरिजाबाईला वाटून गेलं.

तेवढ्यात तिला दुसऱ्या पिशवीतला तो स्टीलचा डबा दिसला. झाकण थोडं वर आलं होतं. तिने उचलून नाकाशी नेला आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डब्याच्या कोपऱ्यात कापराची वडी होती. ही कोणी ठेवली, तिने विचारलं.

मालनबाईने सांगितलं, की हो, दर शनिवारी गोळे मळून डबा भरते तेव्हा मीच ठेवते. एक वडी डब्यात, दोन ह्यांच्या पिशवीत. माशांचा वास घरात यायला नको म्हणून. देवघर तिथेच आहे ना.

गिरिजाबाईला शब्द आवरता आले नाहीत. "तीन वर्षं मी माझ्या पाण्यावर शक घेऊन राह्यले, वहिनी. कापराच्या वासाला मासा वीतभर जवळ येत न्हाई."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, नसतं बोललं तर बरं झालं असतं. मालनबाई तिथेच दगडावर बसली. म्हणजे माझ्यामुळे, एवढंच ती दोनदा म्हणाली. तीन वर्षं दर रविवारी संध्याकाळी ती नवऱ्याला विचारायची, काही लागलं का, आणि ते म्हणायचे, नाही, आज वारा होता. कधी वारा, कधी ऊन. गिरिजाबाईने तिला हाताला धरून उठवलं आणि सांगितलं, की रडायला दिवस पडलाय, आधी होडीत चला. पापलेट घ्या. मासा नाही झाला तर आमिष होईल.

होडी निघाली. जाफराबादचे राजानंद गुरुजी, भोकरदनला मोबाइलचं दुकान चालवणारा मिथुन, जालन्याच्या बँकेतले तिघं आणि हे दोघं. टाकी आणि लिंब एका रेषेत आल्यावर गिरिजाबाईने इंजिन बंद केलं. पाणी अगदी स्वच्छ होतं, वारा हवा तेवढाच. पहिल्या अर्ध्या तासात मिथुनला रोहू लागला, गुरुजींना मरळ. काकासाहेबांनी नेहमीप्रमाणे डब्याला हात घातला.

गिरिजाबाईने तोवर विळीवर पापलेटाची बोटभर लांब पट्टी कापली होती. जुन्या पात्रात शिवडा असतो, मोठ्या तोंडाचा, मिशांचा, तळाशी पडून राहणारा. त्याला माशाच्या मांसाची पट्टी समोरून सरकत गेलेली सोसत नाही. तिने पट्टी काकासाहेबांपुढे धरली. त्यांनी नेहमीसारखीच मान हलवली. घरचं हाये ना, बस झालं.

तेव्हा मालनबाई बोलली. "ती पण घरचीच हाये. म्या आणलीय."

काकासाहेबांनी आधी पट्टीकडे पाहिलं, मग विळीवर पडलेल्या उरलेल्या पापलेटाकडे, मग बायकोकडे. पापलेट कशाला म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, बाहेर खाल्लेलं होतं. त्यांनी गळावरचा कणकेचा गोळा काढला, धोतराच्या जुन्या फडक्याला बोटं पुसली आणि गळ पुढे केला.

पाव तास गेला. मग काठीचं टोक दोनदा हललं. काकासाहेब ओढायला निघाले तसा गिरिजाबाईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. शिवडा आधी तोंडात धरतो, चघळतो, मग गिळून वळतो. तो वळेपर्यंत थांबायचं. तिसऱ्यांदा काठी वाकली ती पाण्याला टेकली, आणि गिरिजाबाईने हात काढला. पुढची दहा मिनिटं गळाचा तंगूस दोरा करकरत होता, काकासाहेब घामाने निथळत होते आणि मिथुन सूचना देत होता, ज्या कोणी ऐकत नव्हतं. शेवटी हातजाळीत आला तो साडेपाच-सहा किलोचा शिवडा. होडीतले सगळे एकदम बोलू लागले. काकासाहेब मात्र खाली बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून नुसते त्याच्याकडे बघत राहिले. गिरिजाबाई तर अशी ताठ बसली होती की शिवडा तिनेच जन्माला घातला असावा.

दुपारी काठावर पातेलं चढलं. मालनबाई लांब सावलीत बसली होती, स्वतःची भाकरी आणि ठेचा घेऊन. रस्सा उकळला, वास पसरला, आणि ती उठून चुलीपाशी आली. सगळ्यांसमोर तिने काकासाहेबांना सांगून टाकलं, की तीन वर्षं तुमच्या गळाला मासा लागला नाही तो माझ्या कापरामुळे. मला ठाऊक नव्हतं.

काकासाहेब म्हणाले, मला ठाऊक होतं. पहिल्याच उन्हाळ्यात कळल्तं.

गिरिजाबाईच्या हातातली पळी थांबली. राजानंद गुरुजींनी न राहवून विचारलं, की मग वडी काढून का नाही टाकली, आमचं आमिष का नाही घेतलं.

"ही माळकरी. चौतीस वर्षांत मला एकदाबी म्हणली न्हाई, की जाऊ नका," ते म्हणाले. "उलट रात्री बसून गोळे मळून द्यायची. मंग तेवढ्या कापराचं मी काय बोलू?"

गिरिजाबाईने हट्टी म्हातारा हा शब्द मनातून काढून टाकला. शिवड्याचं मुंडकं अख्खं होतं, ताटात मावत नव्हतं. कायद्याप्रमाणे ते काकासाहेबांचं. तिने ताट वाढायला घेतलं तेवढ्यात मालनबाईने पळीला हात घातला. पदर नाकाला न लावता तिने पातेल्यात पळी घातली, मुंडकं सांभाळून वर घेतलं, घसरायला लागलं तसं दुसऱ्या हाताच्या बोटांनी धरलं आणि नवऱ्याच्या ताटात ठेवलं. वरून रस्सा घातला.

"अगं, हाताला वास लागंल," काकासाहेब म्हणाले.

"लागू द्या," मालनबाई म्हणाली, आणि भाकरी चुरून देऊ का म्हणून विचारलं.

त्या दिवशी सगळ्यांचेच गळ ओले झाले होते, त्यामुळे पातेलं घासायला कायद्याने कोणीच नव्हतं. काकासाहेब सवयीने पँट दुमडून काठावर गेले, आणि त्यांच्या शेजारी बसून मालनबाई वाळू घेऊ लागली.