यादीत नसलेली राही

"नाव आधी विचारा, बाई. नाव, गाव, मग काय बोलायचं ते बोलू दे. नावाशिवाय छापलेली बातमी म्हणजे पाणवठ्यावरची कुजबुज."

आप्पांचं हे वाक्य मी खैरकोंडला जाताना एसटीत दोनदा मनात म्हणून पाहिलं होतं. आप्पा आमच्या साप्ताहिकाचे संपादक. रत्नागिरीत राम आळीच्या मागे छापखाना. खाली खिळे जुळवणारे, वर माळ्यावर आम्ही तिघं. आप्पा, बातमीदार दादू आणि मी. मी सहा वर्षं तिथे मुद्रितं तपासत होते. माझे यजमान पोफळीला वीजघरात नोकरीला, शनिवारी घरी येत. सकाळी तुळशीला पाणी, मग विष्णुसहस्रनाम, सोमवारी उपास, एवढं सांभाळून साडेदहाला मी टेबलाशी असे. काम मला मानवत होतं. फार बोलावं लागत नसे.

शहाऐंशी सालच्या चैत्रात एकदा मुद्रितं परत देताना आप्पांनी सहज विचारलं, "काय बाई, काय चुकलंय या अंकात?"

"ऱ्हस्व-दीर्घ सगळं ठीक आहे," मी म्हटलं. पण तेवढ्यावर थांबवेना. "अंकात सत्तावीस माणसं काही ना काही बोलली आहेत. सगळे पुरुष."

"एकही बाई नाही?"

"एक आहे. तिसऱ्या पानावर. पण ती विहिरीत सापडली."

दादू हसला. "मग तिला काय विचारणार होतो मी?"

"शेजारणीला विचारता आलं असतं. तुम्ही पोलीस पाटलांना विचारलंत."

आप्पांनी चष्मा पुसला. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले की समजायचं, काहीतरी अंगावर येणार. "खैरकोंडला नळपाणी योजना होऊन महिना झाला. दादू मिरकरवाड्याच्या मासळी-लिलावाच्या भांडणात अडकलाय. येत्या सोमवारी तुम्हीच जा."

तर अशी मी गेले. खैरकोंड रत्नागिरीपासून दीड तासावर, कातळ संपतो तिथे उतारावर पन्नास-साठ घरं. बहुतेक पुरुष मुंबईला. सरपंच धाकूशेठ मात्र गावातच असत. त्यांनी ओटीवर घोंगडी अंथरली, चहा मागवला आणि योजनेची माहिती पाठ केल्यासारखी सांगितली. टाकी इतक्या लिटरची, नळ आठ, उद्घाटनाला कोण कोण आले. मी सगळं लिहून घेतलं.

चहा मला चालणार नव्हता. उपासाच्या दिवशी कुणाकडून सेवा घ्यायची नाही, पाणीसुद्धा आपलं आपण भरून प्यायचं, हा माझा जुना नेम. "नळावर जाऊन पिते," असं म्हणून मी उठले.

"अहो, नळावर कशाला? घरातून आणतील की!" सरपंच म्हणाले. ते जरा घाईने म्हणाले, असं मला नंतर वाटलं.

नळ घराच्या कोपऱ्यालाच होता. तोटी फिरवली. आतून नुसती हवा सुस्कारली.

"बाय, त्याला कशाला पिळतीस?" मागून आवाज आला. तीन बायका कमरेवर हंडे घेऊन निघाल्या होत्या. "त्याला पानी न्हाय. आमच्यासंगं चल, पऱ्यावर."

पऱ्या म्हणजे डोंगरातला ओढा. उन्हाळ्यात आटतो, मग त्याच्या पोटात हातभर खड्डा करायचा आणि करवंटीने पाणी भरायचं. अर्धा तास उतरलो. एक हंडा भरायला किती वेळ लागतो ते मी बसून पाहिलं. सांगायला लाज वाटते, पण त्या इतक्याशा पाण्यातलं मीही ओंजळभर प्यायले.

"उद्घाटनाला तर पाणी आलं होतं ना?" मी विचारलं.

तिघींतली एक, तिशी उलटलेली, उभट चेहऱ्याची, म्हणाली, "आलं तर! टँकर आनून टाकीत वतला व्हता. सायेब आलं, पानी आलं. सायेब गेलं, तिसऱ्या दिशी पानी गेलं. झऱ्याला जोडलेली नळी टाकीपरयंत आलीच न्हाय. मी सवता बघितलंय, लाकडं आनायला जाते तितं ती तोंड वासून पडलीय."

"हे मी पेपरात लिहू?"

"आमाला कोन इचारतंय?"

"मी विचारतेय. तुमचं नाव सांगा."

बाकीच्या दोघी तोंडाला पदर लावून हसू लागल्या. "सांग गो, फोटू बी येईल तुजा!" ती मात्र हसली नाही. करवंटीतलं पाणी तिने हंड्यात ओतलं.

"राही," ती म्हणाली.

पुढे कोण, कुणाच्या घरची, हे मी विचारलं नाही. बाईमाणसाला नवऱ्याचं नाव घ्यायला लावायचं माझ्या जिभेवर येत नाही. दादू असता तर त्याने पहिलं तेच विचारलं असतं.

"जसं बोलले तसंच छापशील?" तिने विचारलं. "का मागनं फिरवशील?"

"तुम्हाला विचारल्याशिवाय एक अक्षर बदलणार नाही."

बातमी गुरुवारच्या अंकात आली. 'आमच्या वार्ताहराकडून' असं वर होतं आणि खाली 'असे खैरकोंड येथील राही यांनी सांगितले'. आप्पांनी शब्द कापला नाही. दुसऱ्याच दिवशी योजनेच्या खात्यातून निरोप आला की इंजिनीयर स्वतः नळी पाहायला येतील. मी मनात देवाला नमस्कार केला.

पुढच्या सोमवारी धाकूशेठ जिना चढून आले. हातात ग्रामपंचायतीचं पत्र आणि मतदारांची यादी.

"आप्पासाहेब, वाईट वाटतं सांगायला, पण तुमच्या पेपरानं बाई बनवली. आमच्या गावात राही नावाची बाई नाही. ही यादी. शोधून द्या." त्यांनी यादी माझ्याच पुढ्यात ठेवली. "खुलासा छापा. इंजिनीयरसाहेबांना पण कळवलंय, ते म्हणाले, खुलासा आला की पाहणी रद्द."

दादू यादीवर वाकला. बोट फिरवत शेवटापर्यंत गेला. "नाहीच आहे. काय बाई, देवाची हजार नावं म्हणता रोज, त्यातलंच एखादं खैरकोंडला देऊन आलात?"

मी यादी स्वतः वाचून काढली. यादीत काशी होती, सोनूबाई होत्या तीन, चिमा होती. राही नव्हती.

"तुम्ही गावातल्या सगळ्या बायकांना ओळखता?" मी सरपंचांना विचारलं.

"म्हणजे काय! शंभरेक बायका, एकेक ओळखतो."

"नावानं?"

"नावानं म्हणजे... अमक्याची बायको, तमक्याची आय. नावाचं काय काम पडतं?"

"त्या बाईनं तुम्हाला फसवलं असेल, बाई," आप्पा हळू म्हणाले. "भीतीनं काहीही नाव सांगतात."

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. मला कुणी त्या पऱ्यावर, तसं डोळ्यांत बघून, तुझं नाव काय विचारलं असतं, तर मी काय सांगितलं असतं? पगाराच्या वहीत मी भागीरथी आहे. लग्नात तांदळाच्या ताटात ते नाव लिहिलं. एक नदी पुसून दुसरी घातली, इतकंच. पण अजून स्वप्नात कुणी हाक मारली तर ती गोदा अशीच येते. राहीनेही आपलं नावच सांगितलं होतं. माहेरचं. सासरी, गावात, यादीत ती दुसरीच कुणी होती.

हे तिथेच बोलून टाकलं असतं तर वाद संपला असता. पण ओठांपर्यंत आलेलं मी गिळलं. धाकूशेठ संध्याकाळच्या आत घरोघर विचारून आले असते, कुणाची बायको माहेरची राही. तिने ते नाव आपलं म्हणून सांगितलं की आडोसा म्हणून, ते मला ठाऊक नव्हतं. तिलाच ठाऊक.

"आप्पा, बाई खरी आहे," मी म्हटलं. "नावही खरं आहे. मला बुधवारपर्यंत वेळ द्या."

"आणि नाही सापडली तर?"

"तर खुलासा मी लिहीन. माझ्या नावानं. आणि मग मुद्रितंही दुसरं कुणी तपासेल."

दादूची बोटं यादीवरच थांबली. सरपंच यादीची घडी घालून उठले. आप्पांनी पुन्हा चष्मा काढला. "फर्मा बुधवारी पाचला यंत्रावर चढतो, बाई. त्यानंतर माझ्या हातात नाही."

मी खाली उतरत होते तेव्हा दादू मागून आला. "काय गौडबंगाल आहे ते तरी सांगा."

"तुमच्या आईचं माहेरचं नाव काय हो, दादू?"

तो कठड्याला हात लावून उभा राहिला. "विचारून सांगतो," म्हणाला.

मंगळवारी पहाटे उठून तुळशीला पाणी घातलं. सहस्रनाम म्हणताना शब्द अडखळले नाहीत, याचं मला बरं वाटलं. पिशवीत गेल्या आठवड्याचा अंक ठेवला आणि एक कोरा कागद. तिला काय विचारायचं ते ठरलेलं होतं: हे नाव ठेवू की काढू? ठेव म्हणाली तर अंगठा नको, सही नको, खुलाशाच्या जागी तिच्या तोंडचं एक वाक्य पुरे, आणि त्याच्या खाली वार्ताहर म्हणून माझं नाव, गोदा. काढ म्हणाली तर खुलासा लिहायचा आणि ती कोण, हे कुणालाही सांगायचं नाही. आप्पांनाही नाही. मग पाहणी रद्द होणार आणि पऱ्यावरचे हंडे तसेच राहणार.

मग फिरकीचे दोन तांबे विहिरीवर नेऊन भरले. एक वाटेत मला. दुसरा त्या प्यायलेल्या ओंजळीची परतफेड म्हणून राहीला, पऱ्यावर पोचेपर्यंत उघडायचा नाही असा.

सहा-दहाची खैरकोंड गाडी लागली होती. कंडक्टरने विचारलं, "कुठं, बाई?" मी गावाचं नाव सांगितलं आणि तांबे पायांत नीट उभे करून बसले.