वाल्मीकचा ढगळ कोट

मी कोट बोलतोय. लाल, सोनेरी फितीचा, खांद्यांवर झालर असलेला. मला तुम्ही टीव्हीवर पाहिलंय आणि पोट धरधरून हसलाही आहात. तेव्हा ओळख वाढवत नाही. टीव्हीवर जे दाखवलं नाही, तेवढंच सांगतो.

पंचवटीतल्या एका बँड पार्टीसाठी आम्हा सगळ्या कोटांना एकाच ताग्यातून, एकाच मापात शिवलं. शिंप्याने माणसं बघितलीच नव्हती. मी वाल्मीकच्या वाट्याला आलो. तो इतका किडकिडीत, की माझ्यात दोन वाल्मीक मावले असते. त्याच्या बायकोने, चांगुणाने, मला उलटं केलं, दोन्ही बाजूंनी आत घेतलं आणि बारीक टाके घातले. मग त्याच्या अंगात चढवून म्हणाली, "आता कसे सायेब दिसता बघा!"

एरवी वाल्मीक मार्केट यार्डात टेम्पोतून भाजीच्या प्लास्टिक जाळ्या उतरवायचा. तिथे त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. "ए, इकडं ये," एवढंच. लग्नसराई आली की तो मला घालायचा, बँडच्या गाड्यावरचा माइक हातात घ्यायचा आणि गायक व्हायचा. त्याच्याकडे स्वतःचं म्हणावं असं ते एवढंच होतं.

खोटं कशाला बोलू? तो बेसूर आहे. मी छातीला चिकटून राहणारा, मला नाही कळणार तर कुणाला? पण वरातीत ढोल, ताशे, बेंजो आणि वर गाड्यावरचे कर्णे. त्या गदारोळात सूर शोधायला कोण बसलंय! सिन्नरपासून चांदवडपर्यंत वऱ्हाडी घाम निथळेपर्यंत नाचले. वाल्मीकला वाटलं, आपल्या आवाजावर नाचतात. तो सुखात होता.

मग नाशकात टीव्हीवरच्या गाण्याच्या कार्यक्रमासाठी निवड चाचणी झाली. रांगेत रियाज केलेली, चांगल्या गळ्याची पोरंपोरी होती. त्यातल्या कितीतरी जणांना परत पाठवलं. वाल्मीकने तोंड उघडलं आणि टेबलामागची कंटाळलेली मुलगी एकदम ताठ बसली.

"काका, तुम्ही मुंबईला यायचंच. आणि हाच कोट घालून हं!"

घरी येताना त्याची छाती अशी फुगली होती, की चांगुणाचे टाके ताणले गेले.

मुंबईच्या स्टुडिओत कपडे सांभाळणाऱ्या माणसाने मला उतरवून घेतलं आणि ब्लेडने तेच टाके उसवले. "अजून ढगळ कर. खांदा दंडावर आला पाहिजे," मागून कुणीतरी म्हणालं. वाल्मीक शेजारीच हात जोडून उभा. एवढी मोठी माणसं आपल्या कपड्यासाठी राबताहेत, याचंच त्याला अप्रूप! मला मात्र तिथेच कळून चुकलं. त्यांना गायक नको होता. गळा नसलेला आणि गळ्याचा अभिमान असलेला माणूस हवा होता. तो त्यांनी चांगला पारखून घेतला होता.

घरी आल्यावर चांगुणाने विचारलं, "अहो, शिवण कुणी उसवली?"

"फिटिंग करून दिलं त्यांनी," वाल्मीक म्हणाला. तिने मला पुन्हा शिवलं.

कार्यक्रम लागला त्या दिवशी तिने शेजारपाजाऱ्यांना चहाला बोलावलं. मी खुंटीवर होतो. वाल्मीकने पहिली ओळ घेतली आणि मागून गाढवाचं ओरडणं वाजलं. एक परीक्षक टेबलाखाली शिरला; डोळे मिटून गाणाऱ्या वाल्मीकला तेव्हा ते दिसलंच नव्हतं. माझ्या बाह्या वाल्मीकच्या बोटांवर लोंबत होत्या, त्या पुन्हा पुन्हा, संथ करून दाखवल्या. शेजारी आधी ओठ दाबून हसले, मग मोकळेपणाने. न्हाणीघरातसुद्धा ज्यांना एक ओळ धड येत नाही, तेही हसले.

"म्हणून उसवली होती होय," चांगुणा म्हणाली. वाल्मीक जमिनीकडे बघत बसला. त्या टीव्हीवर झेप घ्यावी असं मला वाटलं, पण खुंटीवरच्या कोटाला कुठून येणार बळ!

आता मार्केट यार्डात त्याला नावाने हाक मारतात, पुढे गाढवाचा आवाज जोडून. त्याने गाणं सोडलं. मी खुंटीवर धूळ खात पडलो. मग एके दुपारी बँडचे चंदर मास्तर आले.

"वाल्मीक, इगतपुरीची लग्नाची पार्टी अडून बसलीय. टीव्हीवालाच पाह्यजे म्हणतात. अन् कोट तस्साच, ढगळ. बाकीच्या पोरांच्या पोटाचा प्रश्न हाय रे."

मास्तर गेल्यावर वाल्मीकने मला मांडीवर घेतलं आणि ब्लेडने स्वतःच एकेक टाका उसवला. चांगुणाने ते पाहिलं. सुईदोऱ्याचा डबा उचलून तिने वरच्या फळीवर ठेवून दिला.

इगतपुरीत वरात निघाली. वाल्मीकने माइक तोंडाशी नेला आणि कुणीतरी ओरडलं, "ए, ढोल बंद करा रे! ऐकू द्या!"

ढोल थांबला. नाचणारे थांबले. सगळे फोन वर धरून, श्वास रोखून उभे राहिले. इतक्या वर्षांत लोक पहिल्यांदाच वाल्मीकचं गाणं ऐकत होते. त्याने गाणं शेवटपर्यंत म्हटलं.

हल्ली आमच्या तारखा भरलेल्या असतात. कधी तुमच्या गल्लीत आमची वरात आली, तर या ढगळ कोटाचं बाह्या जोडून एकच मागणं आहे. फोन खिशात ठेवा. ढोल वाजू द्या. आणि नाचा हो. ऐकू नका.