पायाशी ठेवलेला डबा

प्रिंटर बिघडला नव्हता. कागद निघत होते, अक्षरं ठसठशीत उमटत होती. पण बटण दाबल्यापासून कागद हाती पडेपर्यंत कधी दहा मिनिटं जात, कधी वीस, आणि एखादा कागद तर रुसून माहेरी गेलेल्या बाईसारखा परत यायचं नावच घेत नसे. वैतागून दुसऱ्यांदा बटण दाबावं, तर अर्ध्या तासाने दोन्ही प्रती एकमेकींचा हात धरून बाहेर पडत. हॉस्पिटलच्या तिन्ही मजल्यांवर गेले तीन आठवडे हाच तमाशा चालला होता.

सगळ्यांचा राग निघे तो संगणक सांभाळणाऱ्या माणसावर. त्याला येऊन सहा महिने झाले होते, तरी त्याचं नाव पडलं होतं 'नवा'. खिडकीवरची कारकूनबाई त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, की नव्याचे नऊ दिवस कधीच संपले, आता आपण कॅलेंडरच उतरवून ठेवलंय. तो बिचारा हसायचा आणि कामाला लागायचा. त्याने करायचं काय बाकी ठेवलं होतं? केबली बदलल्या. प्रत्येक संगणकाला प्रिंटरशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम काढून नव्याने घातला. अडकलेले कागद रांगेतून पुसून टाकले. सगळ्यांचे कागद गोळा करून ज्याच्या त्याच्या प्रिंटरकडे धाडणारा जो मधला संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, तो दहादा बंद करून चालू केला. आणि गंमत अशी, की संध्याकाळी लोक घरी गेल्यावर तो एकटा करून बघे, तेव्हा कागद बंदुकीच्या गोळीसारखा सुटे. सकाळ झाली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

तळमजल्याच्या टोकाला रेकॉर्डची खोली होती. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे रेकॉर्डबाई म्हणत. बरा होऊन घरी जाणाऱ्याचा कागद त्यांच्या हातून निघे, आणि जो घरी जाऊ शकला नाही त्याचाही. बत्तीस वर्षं त्या एकाच खुर्चीत बसल्या होत्या. केबल बघायला नवा टेबलाशी वाकला, की त्या पाय जवळ घेत आणि गुडघ्यांवरून खाली सोडलेली शाल नीट करीत. खालचं राहू दे, वरचं बघ, म्हणत. त्यांच्या सुजलेल्या पायांची त्यांना लाज वाटत असेल, असं समजून तोही वळून जाई.

त्या शालीमागे एक डबा होता. तीन आठवड्यांच्या तमाशाचं मूळ तो डबा होता, आणि साऱ्या हॉस्पिटलात हे एकट्या रेकॉर्डबाईंना ठाऊक होतं.

डबा म्हणजे जुना सर्व्हर. तो बाईंच्या धाकट्या भावाने जोडलेला. भाऊ याच हॉस्पिटलात संगणक सांभाळायचा. चार टाकाऊ संगणकांचे भाग एकत्र करून त्याने तो उभा केला, आणि तो अकरा वर्षं बिनतक्रार चालला. त्याला शिकवायची भारी हौस. बहिणीलाही त्याने पहिलीतल्या मुलीला शिकवावं तसं शिकवून ठेवलं होतं: ही निळी तार या खाचेत घालायची, मग हे बटण, मग हिरवा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत मनात शंभर मोजायचे. मी रजेवर असलो आणि वीज गेली तर कोण आहे, तूच ना, असं म्हणायचा.

बाईंचे गुडघे दुखायचे. तासातून एकदा तरी उठून चाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि बाईंनी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. तेव्हा भावाने एके दिवशी त्यांचा प्रिंटर टेबलावरून उचलला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दारापाशी नेऊन ठेवला. अकरा पावलं. मग डब्यात काहीतरी लिहून ठेवलं, आणि तेव्हापासून बाईंचा कागद निघाला की त्यांच्या पडद्यावर एक छोटी चौकट उमटू लागली: ताई, कागद आला. ऊठ आता, बसून बसून मुळं फुटतील.

एकदा टेबलाशी हॉस्पिटल चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाई उभ्या असताना ती चौकट आली, तेव्हा बाई कानापर्यंत लाल झाल्या होत्या. घरी जाऊन भावाला त्यांनी चांगलं फैलावर घेतलं. पण त्या दिवशीही त्या उठल्या होत्याच.

आठ महिन्यांपूर्वी भाऊ हॉस्पिटलच्या जिन्यातच कोसळला. खांद्यावर केबलचं वेटोळं होतं. वरच्या मजल्यावर नेईपर्यंत सगळं आटोपलं. त्याचा कागद बाईंनीच केला. दुसऱ्या कोणाला बसवू या, असं सगळे म्हणत होते, पण बाई म्हणाल्या की दुसरा कोणी आला तर त्याला जन्मतारीख मलाच विचारावी लागेल, त्यापेक्षा मीच लिहिते. त्यांनी तारीख लिहिली, वेळ लिहिली, कारण लिहिलं आणि बटण दाबलं. सात सेकंदांनी पडद्यावर चौकट आली. ताई, कागद आला. ऊठ आता.

त्या उठल्या. अकरा पावलं चालल्या.

पुढे नवा माणूस आला, नवा सर्व्हर आला. हॉस्पिटलातले साठ संगणक आपले कागद एका ठरलेल्या क्रमांकाच्या पत्त्यावर पाठवत. साठ ठिकाणी जाऊन पत्ता बदलण्यापेक्षा नव्याने जुन्याचाच क्रमांक नव्या सर्व्हरला दिला. काम तासाभरात झालं. जुना डबा भंगारात निघाला, तेव्हा बाईंनी तो मागून घेतला. पाय ठेवायला होईल, म्हणाल्या. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

काही महिने तो खरोखरच पाय ठेवायला होता. मग तीन आठवड्यांपूर्वी भावाचा वाढदिवस आला. दिवा लागतो का, एवढंच बघू, असं म्हणून बाईंनी निळी तार खाचेत घातली, बटण दाबलं आणि शंभर मोजले. दिवा लागला. डबा पायाखाली घुमू लागला, हळूहळू कोमट झाला. दुपारी त्यांनी एक साधा कागद पाठवला. तो निघेना. आठ मिनिटं गेली. आणि मग पडद्यावर आलं: ताई, कागद आला.

बाईंनी ते तीनदा वाचलं. उठायचं भानच राहिलं नाही.

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर प्रश्न नव्हता. पण रोज संध्याकाळी त्या डबा बंद करून जात, सकाळी मनाशी म्हणत, आज नको, आणि रोज सकाळी पाय आपणहून बटणाकडे जाई. दिवसाकाठी एक निरोप येई, कधी दोन, कधी एकही नाही. मधे एक दिवस त्या रजेवर होत्या, तेव्हा सगळे कागद धडाधड निघाल्याचं त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम बटण दाबलं नाही. कागद निघाले. तिसऱ्या दिवशी दाबलं. कागद अडले. आता कळायचं काय राहिलं होतं? वळत नव्हतं, एवढंच.

गुरुवारी दुपारी नवा आला तो हत्यारांची पिशवी न घेता. स्टूल ओढून समोर बसला.

"बाई, तुमच्या टेबलाखाली काय आहे?"

"माझे पाय."

"आणि पायांखाली?"

बाईंनी शाल आणखी खाली ओढली. त्याने मग कसं सापडलं ते सांगितलं. सर्व्हरच्या क्रमांकाला त्याने हाक मारून बघितली, तर कधी एक यंत्र ओ देई, कधी दुसरंच. दुसरं कोण, म्हणून त्याने सगळ्या तारा जिथे एकत्र येतात तिथली एकेक तार काढून पाहिली. सतरावी काढली आणि दुसरा आवाज बंद झाला. सतरावी तार या खोलीची. एका गल्लीत एकाच क्रमांकाची दोन घरं झाली तर पोस्टमनने करायचं काय, असं तो म्हणाला. अर्धं पत्र या घरी, अर्धं त्या घरी; मग परत या, पुन्हा टाका. साठ संगणक तीन आठवडे त्या गल्लीत गोल फिरत होते.

बाईंनी शाल बाजूला केली. नवा गुडघ्यांवर बसला. डब्यावर भावाच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली होती: हात लावण्याआधी विचारा. त्याने पुढे केलेला हात मागे घेतला आणि विचारलं. मग बाईंनी सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही. चौकटीतले शब्दही सांगितले.

तो भला माणूस होता. डब्याचा क्रमांक बदलून टाकू, म्हणाला, मग दोघंही सुखाने नांदतील. पण क्रमांक बदलायचा तर आत शिरायला पासवर्ड हवा. बाईंनी आईचं नाव सांगून पाहिलं, भावाची जन्मतारीख सांगितली, मग स्वतःची. दार उघडलं नाही. ज्याला माहीत होतं तो ते बरोबर घेऊन गेला होता. आता डबा चालू ठेवता येत होता किंवा बंद करता येत होता, तिसरं काही नाही.

"मग असं करतो," नवा म्हणाला, "नव्या सर्व्हरवर मी तोच निरोप लिहून देतो. अगदी त्याच शब्दांत."

बाईंनी मान हलवली. "शब्द तेच येतील रे. पण मग उठवणारा तू असशील."

तो उठून उभा राहिला. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी त्याला चार वाजता बोलावलं होतं. दोष सापडला नाही तर बाहेरची माणसं आणायची आणि त्याला कामावरून काढायचं, असं ठरत होतं. ते तो सांगणार नव्हता, पण हॉस्पिटलात भिंतींनाही कान असतात आणि बाईंना ते आधीच कळलं होतं. तो दारापर्यंत गेला आणि वळला.

"मी तार ओढणार नाही, बाई. तुमची तुम्ही काढा. पण लोक कागदासाठी उभे असतात हो."

बाई बसून राहिल्या. पायाखाली डबा घुमत होता. एक शेवटचा निरोप येऊ दे, मग काढते, असं त्यांनी मनाशी ठरवलं. तीन आठवडे त्या रोज हेच ठरवत आल्या होत्या.

सव्वातीनच्या सुमाराला एक म्हातारा आत आला. त्याची बायको सकाळी गेली होती. बाहेर गाडी लागली होती, ड्रायव्हरने एकदा हॉर्न वाजवला होता, आणि कागदाशिवाय गाडी हलणार नव्हती. बाईंनी नाव विचारलं, ते त्याने सांगितलं. जन्मतारीख विचारली, तर खिशातल्या कागदांना हात न लावता त्याने तीही सांगितली, आणि वर म्हणाला की पहाटेचा जन्म आहे तिचा, तसं लिहायचं असतं का? बाई म्हणाल्या, तशी जागा नाही यात. त्याने समजल्यासारखी मान हलवली.

बाईंनी बटण दाबलं. सात सेकंद गेले. मिनिट गेलं. त्यांनी खुर्ची दाखवली.

"नको," तो म्हणाला. "बसलो की उठायला तिचा हात लागायचा."

पाच मिनिटं झाली. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. म्हातारा टेबलाची कड धरून उभा होता. तो कुरकुरला असता, चार शब्द बोलला असता, तर बाईंना ते सोसलं असतं. पण तो उलट त्यांनाच धीर देऊ लागला. असेल कामाचा बोजा, म्हणाला, यंत्र तरी किती करणार.

दहा मिनिटं झाली. त्याचे गुडघे थरथरत असलेले बाईंना दिसले. गुडघ्यांचं त्यांना चांगलं कळत होतं.

त्या खुर्चीतून खाली वाकल्या. कंबरेतून कळ आली. शाल सरकवली, निळी तार बोटांनी चाचपली, तिच्या टोकाची बारीकशी जीभ दाबली आणि ती खाचेतून काढली. मग बटण दाबून धरलं. घुमणं थांबलं. ते थांबल्यावर खोली किती शांत असते ते त्यांना पुन्हा ऐकू आलं.

वर येऊन त्यांनी कागद पुन्हा पाठवला आणि पडद्याकडे बघत राहिल्या. दारापाशी प्रिंटर सळसळला. कागद सरकत येऊन तबकात पडला. बाई पडद्याकडेच बघत होत्या. तिथे म्हाताऱ्याच्या बायकोचं नाव होतं, तारीख होती, बाकी काही नव्हतं.

"बाई," म्हातारा हलकेच म्हणाला, "कागद आला वाटतं."

बाई उठल्या. अकरा पावलं चालून त्यांनी कागद घेतला, शिक्का मारला, सही केली, आणि म्हाताऱ्याचं कोपर धरून त्याला गाडीपर्यंत सोडून आल्या.

चार वाजता मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत नवा गेला, तर रेकॉर्डबाई आधीच तिथे उभ्या होत्या. काय झालं ते त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, आपली चूक म्हणून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. त्या इतकंच म्हणाल्या, की ठीक आहे, कामाला लागा. खिडकीवरचे कागद तोवर भराभर निघू लागले होते, आणि कारकूनबाई ओरडून सांगत होती की नव्याला एकदाचा दहावा दिवस सापडला.

बाई खोलीत परतल्या. खुर्चीत बसल्या, चपला काढल्या, सवयीने पाय टेकवले. डबा अजून कोमट होता. त्यांनी पाय तसेच राहू दिले, तो गार होईपर्यंत.