निळ्या दोऱ्याचं रीळ

माझ्या जिभेला हाड नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि ते खोटं नाही. गिऱ्हाइकालासुद्धा मी तोंडावर सांगते, बाई गं, हा रंग तुला शोभत नाही. तरी माझं टेलरिंगचं दुकान चालतं, कारण माझ्या शिवणीला नाव ठेवायला जागा नसते.

आमचे हे शहराच्या बसवर ड्रायव्हर होते. वजन एकशे अडतीस किलो. डेपोत सगळे त्यांना ‘ट्रक’ म्हणायचे आणि हेही हसून म्हणायचे, “ट्रकला बस चालवायला लावलीय, काय करणार!” घरी आले की मात्र बुटाच्या नाड्या सोडायला माझ्यापुढे पाय करायचे आणि तेव्हा त्यांची मान खाली असायची. वाकताच यायचं नाही ना. ती खाली गेलेली मान मला बघवायची नाही. मग मी उगाच कशावरून तरी ओरडायची, म्हणजे ते मान वर करायचे.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केलं. पोटाला बारीकशी सुई, दर रविवारी. आधी मळमळ, मग भूक कमी, मग हळूहळू वजन उतरायला लागलं. दोन वर्षांत चौऱ्याण्णववर आलं. एका सकाळी दारातून हाक आली, “मास्टरीणबाई, बघा तरी!” बघते तर स्वारी खुर्चीवर बसून स्वतःच्या बुटाची नाडी बांधतेय. मी तोंडात पदर कोंबून रडले आणि त्यांना सांगितलं, गाठ वाकडी पडलीय.

त्यांच्या गणवेशाच्या निळ्या पँटी मी तीनदा आत घेतल्या. जादा कापड कापलं नाही, मागच्या शिवणीत तसंच दुमडून ठेवलं. आम्ही शिवणारी माणसं कापड सहसा कापून टाकत नाही. त्यांची एक जुनी अवाढव्य पँट मात्र मी दुकानाच्या काचेत टांगली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगत सुटले, “ही आमच्या ह्यांची. आता एका पायात दोघं मावतील.”

बसमध्ये एक नवीनच अडचण झाली. जुनी गाडी, सीट पार मागे अडकून बसलेली, पुढे सरकत नव्हती. आधी पाठीच्या जाडीनंच ते पुढे रेटले जायचे, आता हात स्टीअरिंगपर्यंत नीट पोचेनात. मग मी पाठीला टेकायला एक जाडजूड उशी शिवून दिली, गणवेशाच्याच निळ्या कापडाची, कापूस ठासून भरलेली. ती गाडीतच असायची.

आता माझा शहाणपणा ऐका. जेवताना ते पाहुण्यासारखे ताटासमोर बसायचे. दोन घास, की झालं. तिसऱ्या वर्षी मला ते सोसवेना. मी म्हटलं, “बास झाल्या आता त्या सुया. बारीक झालात ना? ताप उतरल्यावर कोणी गोळ्या खातं का?”

“अगं, पण बाई म्हणतात…”

“बाईंचं काय जातंय!”

त्यांनी माझं ऐकलं. जन्मभर ऐकलं. माणसानं इतकं ऐकू नये हो बायकोचं.

बाईंना सांगायला आम्ही दोघं गेलो. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “हा ताप नाही, बीपीसारखं दुखणं आहे. औषध थांबलं की भूक परत येते, वजनही बहुतेकदा परत येतं. त्यात तुमची चूक नसते. पण मग तपासण्या हव्यात, हृदयाकडे लक्ष हवं. वजनकाट्यावर उभं राहायला तुम्हाला आवडत नाही, मला माहितीय. निदान एवढं करा. पँट घट्ट व्हायला लागली, की लाजायचं नाही, सरळ इकडे यायचं.” ह्यांनी मान हलवली. मीही हलवली.

सात-आठ महिन्यांनी धुवायचे कपडे चाळताना पँटचं बटण दोऱ्यावर लोंबकळताना दिसलं. बटणाचं काजं ताणलेलं. मला दुसरं काही बघायची गरज नव्हती, हात लावला आणि कळलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण सुया कोणी बंद करायला लावल्या? मी. काचेत पँट टांगून गावभर डंका कोणी पिटला? मीच. आणि ती मान परत खाली गेलेली मला बघायची नव्हती. कमरेला पट्टा ते बांधायचेच नाहीत, काचतो म्हणायचे. मी मागची शिवण उसवली, अर्धं बोट कापड सोडलं, निळ्या दोऱ्यानं परत शिवलं आणि कडक इस्त्री फिरवली. जुन्या टाक्यांची भोकंसुद्धा दिसू दिली नाहीत.

सकाळी त्यांनी पँट चढवली. मी चहा गाळता गाळता बघत होते.

“बसली?”

“एकदम.”

“मग! तेच तर माप आहे.”

मला वाटलं, काय छान काम केलं. मूर्ख बाई! बाईंनी सांगून ठेवलेली एकच खूण होती आणि ती मी माझ्या हातानं उसवून टाकली.

दीड वर्षात असं चारदा केलं. ह्यांनी नाड्यांचे बूट सोडून पाय सरकवायचे बूट घेतले. “नाड्या सारख्या सुटतात गं.” मी लगेच म्हटलं, “हल्ली दोरेच वाईट येतात.” घोरणं परत सुरू झालं, मी गादीला दोष दिला. निळ्या दोऱ्याचं रीळ भराभर संपायला लागलं, तर मी मशीनला शिव्या घातल्या, जास्त दोरा खाते म्हणून.

आणि मग एका दुपारी, दुसरी फेरी संपवून ते डेपोत आले, बाकावर बसले, चहाचा पेला हातात घेतला आणि कलंडले. रुग्णवाहिका येईपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय, म्हणाले.

आठवडाभरानं मी डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि उसवण्याचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आले असते तर वाचलेच असते, असं मी म्हणणार नाही. तपासलं मात्र असतं.” मग त्यांनी विचारलं, “त्यांना खरंच कळलं नसेल?”

“नाही हो,” मी म्हटलं. “पँट कधी घट्टच होऊ दिली नाही ना मी.”

दुसऱ्या दिवशी डेपोतला मेकॅनिक दुकानात आला. ह्यांचा जुना दोस्त. पिशवीत ह्यांचा डबा, चष्मा आणि ती उशी. उशी हातात घेतली आणि माझं डोकंच फिरलं. ठासून भरलेली उशी घडी घातलेल्या चादरीएवढी चपटी झाली होती.

“ह्यातला कापूस कोणी काढला?”

तो बिचारा दचकला. “वहिनी, त्यांनीच.”

“त्यांनी?”

“सीट सरकत नाही ना. पोट स्टीअरिंगला लागायला लागलं. मी म्हटलं, उशी फेका. तर म्हणाले, बायकोनं शिवलीय, टाकवत नाही. मग कड उसवायचे, मूठभर कापूस काढायचे आणि परत शिवायचे. दोरा घरून खिशात घालून आणायचे.”

मी त्याच्याकडे स्टूल सरकवलं.

“मी दहादा म्हटलं, दवाखान्यात जा,” तो म्हणाला. “म्हणायचे, ‘गेलो की तिला कळणार. ती चोरून माझी पँट सैल करते. तिला वाटतंय, मला पत्ता नाही. सुया तिनं बंद करायला लावल्या ना, जिवाला लावून घेईल. वाटू दे तिला, मी तसाच आहे.’”

तो गेल्यावर मी उशीची कड बघितली. निळा दोरा, माझाच. एक टाका लांब, एक आखूड, कुठे गाठ एवढी मोठी की मटारचा दाणा. ज्या माणसाला शर्टाचं तुटलेलं बटण लावता येत नव्हतं, तो डेपोच्या बाकावर बसून सुईत दोरा ओवत होता, मला कळू नये म्हणून. आणि इथे मी मशीनला शिव्या घालत होते.

त्यांची शेवटची पँट अजून इस्त्रीच्या टेबलावर होती. ती उलटी केली. मागच्या शिवणीत आता सोडायला कापडच उरलं नव्हतं. मी मनाशी ठरवलं होतं, कापड संपलं की सांगायचं. पुढच्याच महिन्यात सांगणार होते.

अहो, एकदा तरी म्हणायचंत, घट्ट होतेय म्हणून. मी ओरडले असते. उलट तुमच्यावरच ओरडले असते, सुया बंद केल्यात म्हणून. आणि मग हाताला धरून घेऊन गेले असते.

काचेतली ती मोठी पँट मी त्याच संध्याकाळी उतरवली. उशीचे टाके मात्र तसेच ठेवलेत. आयुष्यात पहिल्यांदाच वाकड्या शिवणीला मी काही बोलले नाही.