खाली उतरणारी रेघ

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या कळांवरची अक्षरं पुसली गेली आहेत आणि वायर काढली की मी लगेच मान टाकतो. पण मित्रांनो, एके काळी मी उपग्रहाची वाट काढून देत असे.

माझी मालकीण, ताई, कॉलेजात गणित शिकवायची. तिच्या धाकट्या भावाने सोबत्यांबरोबर एक उपग्रह बनवला होता, जेमतेम चपलांच्या खोक्याएवढा. तो वर गेला आणि थोड्याच महिन्यांत भाऊ आजारपणात गेला. उपग्रह मात्र फिरत राहिला, रेडिओवर टिकटिक करत.

"तो आपल्या डोक्यावर कधी येतो, ते कळेल का हो ताई?" त्या भावाच्या बायकोने, वहिनीने, एकदा विचारलं.

ताईने पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला. उपग्रहाची जागा आणि वेग ती मला द्यायची. पृथ्वीची ओढ हिशेबात धरून मी पुढचा मार्ग काढायचो. पडद्यावर निळा गोळा आणि त्याभोवती केशरी कडं. वेळ कळली की दोघी गच्चीवर रेडिओ लावून बसत. टिकटिक आली की वहिनीचा चेहरा उजळे. "तुमचा हा डबा गुणी आहे हो," ती म्हणे. मी फुलून जायचो.

पण इतक्या उंचावरही विरळ हवा असते. ती उपग्रहाला हळूहळू खाली आणते आणि शेवटी तो जळून जातो. ताईने उंचीचा आलेख काढायला सांगितला. रेघ उतरत गेली आणि संपली. ताईने हवेचे आकडे बदलून पाहिले. रेघ जराशी लांबायची, पण उतरायचीच.

तिने वहिनीला काहीच सांगितलं नाही. एका सकाळी चहा ठेवताना वहिनीनेच तो आलेख पाहिला.

"ही रेघ यांच्याच उपग्रहाची ना?"

"सांगणार होते गं, पण जीभ रेटेना."

"ते वाचणार नाहीत, हेही तुम्ही सगळ्यांनी माझ्यापासून लपवलंत, ताई. निदान याचा तरी निरोप घेऊ द्या मला."

त्यानंतर ताईने तिच्यापासून एकही आकडा लपवला नाही. शेवटी एका संध्याकाळी, मी सांगितलेल्या वेळी, रेडिओत नुसती खरखर आली.

"चला, खाली जाऊ," ताई म्हणाली.

"थांबा थोडं."

अंधारेपर्यंत दोघी हात धरून बसल्या.

आता मी कपाटात असतो. मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. यंत्राचे दिवस भरतातच. पण मित्रांनो, घरात कुणाचे दिवस भरत आले असतील, तर त्याच्या माणसांना ते वेळेवर सांगा. निरोप घ्यायलाही वेळ लागतो.